होमस्कूलिंगमध्ये भाषा आणि लेखनाचा करिक्युलम कसा निवडायचा: आधी मूल कुठे अडतंय ते बघा

माझी मुलगी आठ वर्षांची असताना एकदा भिंतीवरून चाललेल्या मुंग्यांच्या रांगेबद्दल मला सलग दहा मिनिटं सांगत होती. कोणती मुंगी वाट चुकली, एकीने मेलेला किडा कसा ओढत नेला, मध्ये पाण्याचा थेंब आला तर सगळ्यांनी कसा वळसा घातला, सगळं. मी म्हटलं अगं हेच वहीत लिही ना. अर्धा तास पेन्सिल धरून बसली आणि वहीत आलं, 'मुंग्या होत्या. त्या गेल्या.' आणि मग रडायलाच लागली. त्याच आठवड्यात मी लेखनाचा एक नवा करिक्युलम मागवला, जाडजूड, रंगीत, सगळीकडे छान रिव्ह्यू असलेला, आणि तो आमच्याकडे दोन महिनेसुद्धा चालला नाही. कारण त्यात गोष्ट कशी सुचवायची, सुरुवात आणि शेवट कसा करायचा हे शिकवलं होतं, आणि तिला सुचत तर होतंच, तिचा हात चालत नव्हता.

म्हणून 'सगळ्यात चांगला करिक्युलम कोणता' हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुमचं मूल नेमकं कुठे अडतंय हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही, आणि कळलं की उत्तर बऱ्याचदा एखाद्या साध्या पातळ वहीत सुद्धा मिळून जातं.

पायरी १: 'भाषा' हा एक विषय नाही हे आधी मान्य करा

लँग्वेज आर्ट्स म्हणून जे एका डब्यात भरून विकलं जातं त्यात खरंतर सात-आठ वेगवेगळी कामं असतात. अक्षरं जोडून वाचणं, वाचलेलं कळणं, शब्दसंग्रह, हस्ताक्षर, शुद्धलेखन, व्याकरण, वाक्यरचना आणि मग स्वतःच्या मनातलं मांडणं. शाळेत एका वर्गात तीस-चाळीस मुलं असतात म्हणून हे सगळं एका इयत्तेच्या पुस्तकात कोंबावं लागतं, घरी तशी सक्ती नाहीये. मूल वाचनात पाचवीचं, शुद्धलेखनात दुसरीचं आणि बोलण्यात सातवीचं असू शकतं आणि त्यात काहीच बिघडलेलं नसतं. पण तुम्ही 'चौथीचा सेट' मागवलात की यातल्या प्रत्येक गोष्टीत तो एकतर खूप सोपा पडतो नाहीतर खूप अवघड.

माझं मत विचाराल तर लहान वयात सगळं एकत्र असलेला सेट घ्यायला हरकत नाही, पण मुलाच्या दोन कौशल्यांत दोन वर्षांपेक्षा जास्त फरक दिसला तर वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणाहून घ्या.

पायरी २: चार दिवसांची छोटी चाचणी

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, कंटाळा आला तरी सोडू नका. याला टेस्ट म्हणू नका मुलासमोर, रोज दहा-पंधरा मिनिटं, बस.

पहिल्या दिवशी मुलाला त्याच्या आवडीच्या कशाबद्दल तरी बोलायला सांगा आणि ते बोलेल ते जसंच्या तसं तुम्ही लिहून किंवा टाईप करून घ्या, सुधारू नका. दुसऱ्या दिवशी त्याच मजकुरातल्या चार ओळी स्वच्छ लिहून समोर ठेवा आणि बघून उतरवायला सांगा, किती वेळ लागतो ते मोजा पण घड्याळ दाखवू नका. तिसऱ्या दिवशी त्याच चार ओळी श्रुतलेखन म्हणून सांगा. चौथ्या दिवशी म्हणा, आता यावर तुला आणखी काय वाटतं ते तूच लिही, आणि उठून बाजूला व्हा.

आता चारही कागद शेजारी शेजारी ठेवा आणि बघा. बघून उतरवतानाच मूल दर अक्षराला वर बघतंय, हात दुखतो म्हणतंय, ओळ सोडून जातंय, तर अडचण हाताची आहे आणि त्याला हस्ताक्षराचा रोजचा छोटा सराव हवाय, निबंधाचं पुस्तक नको. उतरवणं छान पण श्रुतलेखनात इकार-उकार, जोडाक्षरं, अनुस्वार गडबडले, तर शुद्धलेखन. उतरवणंही ठीक, श्रुतलेखनही ठीक, बोललेलं पानभर आणि स्वतः लिहिलेलं दोन ओळी, तर मग एकाच वेळी विचार करणं, वाक्य जुळवणं आणि लिहिणं हे तिन्ही सांभाळणं जड जातंय, त्यासाठी बोलण्याकडून लिहिण्याकडे हळूहळू नेणारा करिक्युलम लागतो. आणि पहिल्या दिवशीचा कागदच कोरा असेल, म्हणजे बोलायलाच फारसं काही नसेल, तर कोणतंही लेखनाचं पुस्तक मागवू नका, सहा महिने मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यावर गप्पा मारा. जे तोंडातून येत नाही ते वहीत येणार नाही.

वाचनासाठीही अशीच एक युक्ती आहे. १९८६ मध्ये गफ आणि टन्मर या संशोधकांनी वाचनाचं एक अगदी साधं सूत्र मांडलं, की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकून भाषा कळणं. गुणाकार आहे, म्हणजे दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. तर एकाच तोडीचे दोन उतारे घ्या, एक तुम्ही वाचून दाखवा, एक मुलाला वाचू द्या, आणि दोन्हींवर तीन-तीन प्रश्न विचारा. ऐकलेलं नीट सांगतंय आणि वाचलेलं सांगता येत नाही तर फोनिक्स (अक्षर आणि त्याचा आवाज जोडून वाचायला शिकवणं) किंवा अक्षरवाचनाचा पद्धतशीर प्रोग्राम घ्या. ऐकलेलंही कळत नसेल तर फोनिक्सची आणखी वर्कबुकं सोडवून फायदा नाही, तिथे शब्द कमी पडतायत, त्या विषयाची माहिती कमी पडतेय.

पायरी ३: दोन भाषा असतील तर

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मराठी आणि इंग्रजी दोन्ही चालतात, आणि इंग्रजीसाठी बनवलेला करिक्युलम मराठीला जसाच्या तसा लावला की गडबड होते. इंग्रजीत २६ अक्षरं आणि साधारण ४४ ध्वनी, त्यामुळे एकाच ध्वनीची पाच-पाच स्पेलिंगं, म्हणून तिथे फोनिक्स आणि स्पेलिंग यावर वर्षानुवर्षं खर्च होतात आणि ते योग्यच आहे. देवनागरीत जसं दिसतं तसं बऱ्यापैकी वाचता येतं, म्हणून वाचन लवकर सुटतं, पण बाराखडी आणि जोडाक्षरं मिळून डोळ्यांना ओळखाव्या लागणाऱ्या आकृत्या खूप होतात आणि लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ ऐकून नेहमी कळत नाही. म्हणजे मराठीत वाचनाला कमी आणि लेखनाच्या नियमांना जास्त वेळ ठेवायचा, इंग्रजीत सुरुवातीला उलट.

अक्षरं आणि शुद्धलेखन दोन्ही भाषांत वेगवेगळं शिकवावं लागतं. पण मुद्दे काढणं, क्रम लावणं, परिच्छेद पाडणं हे एका भाषेत आलं की दुसरीकडे बरंचसं आपोआप येतं, म्हणून निबंधलेखनाचे दोन कोर्स एकदम चालू करू नका. ज्या भाषेत मूल जास्त मोकळं बोलतं त्या भाषेत आधी.

पायरी ४: कोणती पद्धत तुमच्या घराला बसते

शार्लट मेसन (१८४२ ते १९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंची पद्धत होमस्कूलिंगवाल्यांमध्ये खूप चालते. चांगलं पुस्तक एकदाच वाचायचं आणि मुलाने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, सुंदर वाक्यं वहीत उतरवायची, नंतर तयारी करून श्रुतलेखन. परत सांगायची अपेक्षा साधारण सहाव्या वर्षापासून, त्याआधी नाही, आणि निबंध वगैरे बराच उशिरा. मला ही पद्धत मनापासून आवडते कारण यात मूल आधी बोलायला शिकतं, पण यात अडचण अशी की ज्या मुलाला शुद्धलेखन नुसतं बघून बघून येत नाही त्याला नियम समजावून सांगावेच लागतात, आणि पालक त्या भरवशावर दोन-दोन वर्षं थांबून राहतात.

क्लासिकल पद्धतीत प्राचीन ग्रीक-रोमन शाळांमधल्या लेखनाच्या चौदा पायऱ्या वापरतात, आधी नीतिकथा पुन्हा लिहायची, मग प्रसंग, मग एखाद्या वचनाचा विस्तार, असं करत वादविवादापर्यंत. नमुना समोर ठेवून अनुकरणातून शिकायचं. 'काय लिहू' म्हणून अडून बसणाऱ्या मुलांना हे फार सोयीचं पडतं कारण मजकूर आयता मिळतो आणि लक्ष फक्त मांडणीवर राहतं. ज्याच्या डोक्यात स्वतःच्याच दहा गोष्टी घोळतायत त्याला मात्र दुसऱ्याची गोष्ट परत लिहिणं म्हणजे शिक्षा वाटते.

वर्कबुकं सोपी, पालकांना तयारी नको, मूल एकटं करू शकतं. पण जरा बारकाईने बघा, पान भरल्यासारखं दिसतं आणि मुलाने अख्ख्या पानात स्वतःचं एकही वाक्य लिहिलेलं नसतं, नुसत्या गाळलेल्या जागा. शुद्धलेखन, व्याकरणाला चालेल, लेखनाला नाही.

अनस्कूलिंग म्हणजे कोणताच करिक्युलम न घेता मुलाच्या आवडीमागे जाणं, हा शब्द जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षणलेखकाने रूढ केला, १९७७ मध्ये त्यांनी या विषयाचं नियतकालिकही काढलं. पत्रं, याद्या, खेळाचे नियम, कॉमिक्स यातून मुलं खरोखर लिहायला शिकतात. पण वाचनच अडलेलं असेल तर फक्त वाट बघू नका हे माझं ठाम मत.

पायरी ५: सॅम्पल उघडून काय बघायचं

आता कुठे करिक्युलम बघायची वेळ आली. बहुतेक चांगल्या करिक्युलमची सॅम्पल पानं फुकट बघायला मिळतात. पहिला धडा बघू नका, तो नेहमीच सोपा आणि गोड असतो, मधला एखादा उघडा, विसावा-पंचविसावा.

एका धड्यात नवीन गोष्टी किती आहेत ते मोजा. विशेषण पण नवीन, अवतरणचिन्ह पण नवीन आणि वर त्यावर परिच्छेद लिहा, असं असेल तर अडखळणाऱ्या मुलासाठी ते सोडून द्या. नंतर बघा की पाचव्या धड्यात शिकवलेलं पंधराव्यात परत येतं का. लिहायला सांगण्याआधी नमुना दाखवलाय का, की नुसतं 'पावसावर दहा ओळी लिहा'? नुसता विषय देणं म्हणजे शिकवणं नाही, ती परीक्षा झाली. आणि पालकांच्या पुस्तकात मुलाने लिहिलेलं कसं तपासायचं, काय बोलायचं, काय आत्ता सोडून द्यायचं हे लिहिलंय का? फक्त उत्तरसूची असेल तर आपल्यासारख्या शिक्षक नसलेल्या माणसांना त्याचा उपयोग कमी. प्लेसमेंट टेस्ट असेल तर ती जरूर द्या आणि ती म्हणेल त्या लेव्हलपासून सुरू करा, वय काहीही असो, पुस्तकावरचा इयत्तेचा आकडा मुलाला लागत असेल तर त्यावर सरळ कागद चिकटवा.

व्याकरणाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे पालकांची सगळ्यात जास्त फसगत होते. नाम-सर्वनाम ओळखण्याची पानंच्या पानं केली की लेखन सुधारेल असं वाटतं. अमेरिकेत १९६३ मध्ये ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हाच दिसलं होतं की सुटं व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही, आणि २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांच्या आढाव्यातही तेच आलं. त्याच आढाव्यात ज्या गोष्टींनी फायदा होतो त्यात सारांश लिहिणं, लेखनाआधी मुद्दे काढणं, लिहायची पद्धत पायरीपायरीने उघड शिकवणं आणि छोटी वाक्यं जोडणं या होत्या. याचा अर्थ व्याकरण नकोच असा नाही, दुसरी भाषा शिकताना ते लागतं, पण लेखनाच्या नावाखाली ते विकत घेऊ नका.

वाक्यं जोडणं म्हणजे काय ते बघा, हे उद्यापासून करता येईल. मुलाला चार तुकडे द्या: मांजर खिडकीत बसलं होतं. मांजर काळं होतं. बाहेर पाऊस पडत होता. मांजर पावसाकडे बघत होतं. याचं एक वाक्य कर. माझ्या मुलीने केलं, 'काळं मांजर खिडकीत बसून बाहेरच्या पावसाकडे बघत होतं.' धाकट्याने तोंडीच सांगितलं, 'बाहेर पाऊस पडत होता म्हणून काळं मांजर खिडकीत बसून बघत होतं.' त्या 'म्हणून' वर आम्ही दहा मिनिटं बोललो, कारण दिलेल्या वाक्यांत कारण कुठेच नव्हतं, ते त्याने घातलं होतं. संयुक्त वाक्य, उभयान्वयी अव्यय ही नावं नंतर सांगितली तरी चालतात. असे व्यायाम ज्या करिक्युलममध्ये नियमित असतील त्याला माझ्याकडून एक गुण जास्त.

पायरी ६: स्वतःकडे पण बघा

हे कोणी विचारत नाही. तुमच्याकडे रोज शांत, अखंड वेळ किती आहे? काही करिक्युलममध्ये काय बोलायचं ते शब्दन् शब्द लिहिलेलं असतं, तयारी लागत नाही पण शेजारी बसावं लागतं. काहींमध्ये तुम्हाला आधी पुस्तक वाचावं लागतं, प्रश्न काढावे लागतात. दोन-तीन मुलं असतील तर वाचन आणि गप्पा सगळ्यांच्या एकत्र होतील असं काहीतरी घ्या, फक्त शुद्धलेखन आणि हस्ताक्षर वेगळं. पुस्तकात लिहायचं आहे की वेगळ्या वहीत तेही बघा, धाकट्याला वापरता येईल. आणि जिथे राहता तिथले होमस्कूलिंगचे नियम बघून घ्या, काही ठिकाणी कामाचे नमुने दाखवावे लागतात, काही ठिकाणी पुढे परीक्षा असते, त्याप्रमाणे मोठ्या वयात ठरलेल्या वेळेत लिहायची थोडी सवय लागते.

पायरी ७: सहा आठवडे, आणि तोपर्यंत दुसरं काही बघायचं नाही

निवडलं की सहा आठवडे तेच करा. पहिले दोन आठवडे मूल कुरकुर करेल, ते नव्याचं असतं. लहान मुलांना लेखनाला रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आठवड्यातून एकदा तासभर बसवण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. अर्धा धडा झाला आणि वेळ संपली तर तिथेच थांबा, धडा पुस्तकाने ठरवलेला आहे, मुलाने नाही. बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं? चौथ्या आठवड्यानंतरही रोज रडारड, किंवा मूल सगळं बरोबर करतंय आणि कागदावर काहीच नवीन येत नाहीये, या दोन्हीत बदला. नुसता तुम्हाला कंटाळा आला म्हणून किंवा कोणीतरी दुसरं काही सुचवलं म्हणून बदलू नका, दर बदलात मधले काही धडे गळतात आणि ते गळलेलं वर्षभराने दिसतं.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट. मनातलं लिहिलेल्या वहीवर लाल गोल करू नका, आधी मजकुराबद्दल बोला, तो किडा कुठे नेला मग? त्यात दिसलेल्या शुद्धलेखनाच्या चुका तुमच्याकडे एका चिठ्ठीवर टिपा आणि शुद्धलेखनाच्या वेळेत तो नियम घ्या.

एक वेगळी गोष्ट. नीट शिकवूनही मूल महिनोन्महिने अक्षरं जोडू शकत नसेल, तोच शब्द त्याच पानावर परत नवीन वाटत असेल, लिहिताना प्रचंड त्रास होत असेल, तर करिक्युलम बदलत बसू नका, तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकताना येणारी विशिष्ट अडचण) निघाला तर ध्वनीपासून सुरू होणारे, पाहून-ऐकून-हाताने गिरवून शिकवणारे प्रोग्राम मिळतात, त्यातले बरेच १९३०च्या दशकात ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी सुरू केलेल्या पद्धतीवर बेतलेले असतात. मूल आळशी आहे असं त्या काळात कोणालाही म्हणू देऊ नका, स्वतःला सुद्धा नाही.

अकरा-बारा वर्षांपुढच्या, वाचायची आवड असलेल्या मुलांना एक उपाय सांगते ज्याला कोणतंच पुस्तक विकत घ्यावं लागत नाही. अमेरिकेतले लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन लहानपणी असंच लिहायला शिकले. आवडलेला लेख घ्यायचे, प्रत्येक वाक्याची अगदी छोटी टिपणं काढायचे, काही दिवस बाजूला ठेवायचे, मग मूळ न बघता टिपणांवरून लेख परत लिहायचा आणि मुळाशी ताडून आपल्या चुका दुरुस्त करायच्या. कधी टिपणांची मुद्दाम सरमिसळ करून क्रम परत लावायचे. आमच्याकडे हे आठवड्यातून एकदा चालतं, एका परिच्छेदापुरतं, आणि मुलगी मूळ लेखकापेक्षा आपलं वाक्य बरं आहे म्हणून भांडते तेव्हा मी तिला ते सिद्ध करायला सांगते.

त्या चार दिवसांच्या चाचणीचे कागद तारीख घालून फाईलमध्ये ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी तीच चाचणी परत घ्या. पुढची लेव्हल मागवायची की नाही ते त्यावरून ठरवा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा हस्ताक्षराची वही आणि तिने सांगायचं-मी लिहायचं, मग एक वाक्य मी-एक तू, एवढंच पाच महिने चालवलं. पाच महिन्यांनी चौथ्या दिवशीच्या कागदावर मुंग्यांच्या अकरा ओळी आल्या. सगळीकडे 'मुंगि' असं ऱ्हस्व होतं. मी वाचून तिला विचारलं, ती वाट चुकलेली शेवटी सापडली का गं, आणि 'शब्दाच्या शेवटी वेलांटी दीर्घ' हे माझ्या चिठ्ठीवर सोमवारसाठी लिहून ठेवलं.